आमच्या मनात तसं काही नसतं

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक सोय फार लवकर अंगवळणी पडते. चारचौघांत उभे राहून मराठीत काहीही बोलता येते, समोरच्याच्या टकलापासून त्याच्या पगारापर्यंत! शारजाच्या अल मजाज भागात, खालिद सरोवराच्या काठच्या उंच इमारतींत, एकेका लिफ्टमधून पाच-सहा देशांची माणसे एकदम चढतात-उतरतात. सीरियन, फिलिपिनो, मल्याळी, सुदानी, पाकिस्तानी. त्यांत आपण दोघे-तिघे मराठी असलो की आपल्या गप्पा चालूच राहतात. "गाडी त्या बंगाल्याला दे धुवायला." "टॅक्सीवाला पठाण होता, सोडून दे." "वरच्या मजल्यावर चिंकी राहायला आलेत." "मुलाच्या वर्गात एक कल्लू आहे, पण हुशार आहे हं!" त्या शेवटच्या वाक्यातल्या ‘पण’पाशी मी नेहमी अडखळते.

हे बोलणारी माणसे वाईट नाहीत. मी त्यांना चांगली ओळखते. गणपतीत पहाटे चारला उठून दोनशे माणसांचे मोदक वळणारी ती हीच, आणि अनोळखी कामगाराचा मृतदेह गावी पाठवायचा असला तर कागदपत्रांसाठी दोन-दोन दिवस रजा टाकून धावणारीही हीच. त्यांना या शब्दांबद्दल हटकले तर उत्तर ठरलेले असते : "अहो डॉक्टर, आमच्या मनात तसं काही नसतं." बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणून तर प्रश्न अवघड होतो. मनात द्वेष ठेवून शिवी देणाऱ्याचा निवाडा सोपा आहे. मनात काही नसताना तोंडातून गेलेल्या शब्दाचा निवाडा कसा करायचा?

आधी आपल्या घरचे पाहू. सातारा-पुण्याच्या घाटमाथ्यावरून आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून माणसे मुंबईत गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला आली. घाटावरचा तो ‘घाटी’, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. पण पाहता पाहता तो अडाणी, गावंढळ या अर्थाने मराठी माणसाच्या कपाळी चिकटला. कोकणातल्या घरगड्याचे नाव पांडुरंग असो की सखाराम, मुंबईच्या शेठजींच्या घरात हाक ‘रामा’ अशीच! माझे आजोबा गोदीत कामाला होते. ते सांगत, "मुकादमाला नऊ वर्षं माझं नाव माहीत नव्हतं. पगाराच्या कागदावर मात्र दर महिन्याला वाचायचा." त्या मुकादमाच्या मनातही बहुधा तसे काही नसावे. आजोबांना तो सणाला उचल देत असे, हेही ते आवर्जून सांगत.

इथे आखातात आपल्यासाठी एक शब्द आहे, ‘रफीक’. अरबीत त्याचा अर्थ सोबती, मित्र. किती सुंदर शब्द! पण रस्त्यावर, दुकानात तो भारत-पाकिस्तान-बांगलादेशच्या कोणत्याही कष्टकऱ्याला मारलेली हाक होऊन बसला आहे. आमच्या ओळखीचे एक इंजिनिअर गृहस्थ पार्किंगमध्ये कुणी ‘रफीक’ म्हटले म्हणून संध्याकाळभर धुमसत होते. "मी काय रफीक वाटलो का त्याला?" मला त्यांच्या रागाची गंमत वाटली. शब्दाला त्यांची हरकत नव्हती. तो आपल्याला लागला, खालच्या पुलावर सिमेंट कालवणाऱ्याला लागायचा होता, ही हरकत होती. तसेच ‘एक्स्पॅट’चे. लंडनहून आलेला तो एक्स्पॅट, नेपाळहून आलेला तो लेबर, आणि आपण मध्ये कुठेतरी लटकलेले, वरच्या फळीकडे डोळे लावून.

देशाचे नाव कामाचे नाव होऊन बसणे हा याच रोगाचा एक प्रकार. आपल्याकडे ‘गुरखा’ म्हणजे रखवालदार आणि ‘भय्या’ म्हणजे दूधवाला. लेबनॉनमध्ये ‘श्रीलंकन बाई’ याचा अर्थ मोलकरीण असा झाला, इतका की मोलकरीण दुसऱ्या देशाची असली तरी शब्द तोच. आणि आपल्या अल मजाजच्या मराठी घरांत ‘बंगाली’ म्हणजे गाड्या धुणारा, जिने पुसणारा. रवींद्रनाथ आणि सत्यजित राय यांच्या भाषेचे नाव आपण बादली-फडक्याला दिले आहे.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. माझ्या व्यवसायातले एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, मी तेव्हा ज्या दवाखान्यात काम करत होते तिथे, दारातून आत डोकावून आमच्या स्वागतिका म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेर एक बंगाली आहे. अंगदुखी म्हणतोय. सिक लीव्ह हवी असेल." बाई स्वभावाने अतिशय प्रेमळ, स्वतःच्या डब्यातली इडली गरोदर रुग्णांना देत. माणूस आत आला. तिशीचा, सडपातळ, खुर्चीवर बसताना दोन्ही हातांनी मांड्या धरून बसला. ‘सारा बदन’ दुखतंय, एवढेच म्हणे. लघवीचा रंग विचारला तर म्हणाला, "कोला जैसा."

उन्हाळ्यात आखातात काम करणाऱ्या डॉक्टरला हे दोन शब्द पुरे असतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम इथे आहे, आणि तो चांगला आहे. पण ऑगस्टमधली सकाळ काही महाबळेश्वरची नसते. उष्णता आणि अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे तुंबवते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. रक्तातले सीपीके साधारण दोनशेच्या आत असते. त्याचे चाळीस हजारांच्या पुढे होते. लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले, सलाइन धो धो गेले, मूत्रपिंडे वाचली. कागद भरताना पासपोर्ट पाहिला तर तो भारताचा. गाव मालदा जिल्ह्यातले. आमचे सगळेजण त्याला बांगलादेशी धरून चालले होते!

त्या दिवशी स्वागतिकाबाईंनी दिले होते ते एक निदान होते. आमच्या शास्त्रात निदान झाले की शोध थांबतो; तो थांबावा म्हणूनच निदान करायचे असते. ‘बंगाली’, ‘पठाण’, ‘कल्लू’ हे शब्द असेच तपासणीआधी केलेले निदान असतात. ‘बंगाली’ म्हटले की अंगदुखी म्हणजे रजेचे निमित्त, ‘पठाण’ म्हटले की तक्रार म्हणजे भांडखोरपणा. पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. अपमान होतो तो वेगळाच. मला डॉक्टर म्हणून भीती वाटते ती न विचारल्या गेलेल्या प्रश्नाची.

आता ‘मनात तसं काही नसतं’ याकडे परत येते. वैद्यकाच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. १८६६ साली इंग्लंडमध्ये जॉन लँगडन डाऊन या डॉक्टरांनी मतिमंद मुलांचे वर्गीकरण मांडले. काही मुलांचे डोळे, नाक, चेहऱ्याची ठेवण त्यांना मंगोल लोकांसारखी वाटली, म्हणून त्यांनी त्या मुलांना ‘मंगोलियन’ म्हटले. गंमत म्हणजे डाऊन साहेबांचा हेतू त्या काळाच्या मानाने उदार होता. गोऱ्या आईबापांच्या पोटी अशी मुले येतात, त्या अर्थी मानवजात एकच आहे, वंशांच्या भिंती पक्क्या नाहीत, असे त्यांना त्यावरून सुचवायचे होते. पण हेतू त्यांच्या निबंधात राहिला आणि शब्द जगभर गेला. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘द लान्सेट’मध्ये पत्र लिहून तो टाकून द्यावा असे सुचवले, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. जवळजवळ शंभर वर्षे एका अख्ख्या देशाचे नाव व्यंगाचे नाव होते! मी नव्वदच्या दशकात मिरजेला शिकत होते, तेव्हाही वॉर्डमध्ये ‘मंगोल बाळ’ असेच ऐकू यायचे. उच्चारणाऱ्या एकाही प्राध्यापकाच्या मनात मंगोलियाविषयी काडीचाही आकस नव्हता. मंगोलियाचा माणूस त्यांनी पाहिलाही नसेल.

आणखी एक उदाहरण तर माणसाचेही नाही, यंत्राचे आहे. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात घसरलेला असताना यंत्र तो ठीक दाखवते, असे गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. ऑक्सिमीटरच्या मनात तर नक्कीच काही नसते. त्याला मनच नाही. तरी ज्याचा प्राणवायू कमी पडला त्याचा कमीच पडला. औषधाची मात्रा चुकली तर रुग्णाचे शरीर आमचा हेतू विचारत नाही, तसेच काहीसे हे आहे.

रोगांना माणसांची नावे देण्याची खोड मात्र सगळ्या जगाची आहे, आपलीही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्राने सिफिलिसला ‘फिरंग रोग’ म्हटले, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. युरोपात इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा म्हणत, रशियन पोलंडचा आणि तुर्क ख्रिस्ती लोकांचा! प्रत्येकाचा रोग शेजाऱ्याचा. म्हणून २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची, देशांची, समाजांची नावे देऊ नका असे सांगितले. २०२० मध्ये आपल्याच अनेक मराठी घरांत ‘चायना व्हायरस’ हा शब्द मिटक्या मारत वापरला गेला. पुढच्याच वर्षी नवा प्रकार भारतात सापडला आणि जगभर ‘इंडियन व्हेरिअंट’ सुरू झाले. २४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून भारतातून अमिरातीत येणारी विमाने बंद झाली, कितीतरी मराठी कुटुंबे अर्धी तिकडे, अर्धी इकडे अडकली आणि ऑफिसात लोक आपल्यापासून दोन पावले लांब उभे राहू लागले. तेव्हा आपल्याला तो शब्द टोचला. भारत सरकारनेही त्याला हरकत घेतली. ३१ मे २०२१ ला संघटनेने ग्रीक अक्षरे दिली आणि आपला प्रकार ‘डेल्टा’ झाला. आपण सुटकेचा निःश्वास टाकला. ‘चायना व्हायरस’ मात्र काही जणांच्या तोंडी अजून आहे.

याचे उलटे रूप जास्त भयंकर आहे : माणसांना रोगाचे नाव देणे. २०१३ च्या अखेरीस गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी रस्ता अडवला आणि वातावरण तापले. त्या वेळी राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. नंतर सारवासारव झाली. पण कर्करोगाचे आम्ही काय करतो, हे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मग शब्द बदलून टाकले की झाले का? इथे माझी एकदा विकेट पडता पडता राहिली. ओळखीच्या एक मराठी बाई बाळाला लस द्यायला आल्या होत्या. बाळ सांभाळणारी इथिओपियाची मुलगी बरोबर होती. आई मला मराठीत म्हणाली, "ही आमची हबशी. बाळ हिच्याशिवाय झोपत नाही." मी काही बोलणार एवढ्यात त्या मुलीने एवढा एकच शब्द पकडला, छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "येस, हबेशा!" आईचा चेहरा लाल झाला. आपला शब्द तिला कळला याने, आणि तिने तो अभिमानाने घेतला याने तर अधिकच.

इथिओपिया-इरिट्रियातले पुष्कळ लोक स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात. अरबीतला ‘हबशी’ आणि त्यावरून आलेला आपला ‘हबशी’ त्याच घराण्यातले. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ म्हणत. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, आणि त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची जमीनमहसुलाची पद्धत आणि त्याची नहर आपण शाळेत शिकलो. एवढा मोठा इतिहास असलेला शब्द आपल्या घरात आला तो कशासाठी? कुणाच्या रंगाला, ओठांना, केसांना नाव ठेवायला. अक्षरे तीच. त्या मुलीच्या तोंडी तो शब्द म्हणजे तिचा गाव, तिची आई, तिची भाषा. आपल्या तोंडी आला की त्यातले गाव, आई, भाषा सगळे गळून पडते आणि फक्त कातडी उरते.

परक्याला नाव ठेवण्याची ही रीत भाषेच्या मुळापासूनची दिसते. ‘म्लेंच्छ’ या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणे. अरबांचा ‘अजम’ म्हणजे ज्याची बोली नीट कळत नाही तो, आणि ग्रीकांचा ‘बार्बारोस’ म्हणजे बरबर करणारा. आपल्या मराठीत ‘कानडा’ याचा एक अर्थ अगम्य, न उमगणारा असाही आहे. मिरजेला कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांचे बोलणे आमच्या काही वर्गमित्रांना तसेच वाटे. पण तोच ‘कानडा’ शब्द आपल्या संतांनी विठ्ठलाला लावला, आणि त्याचे ‘न कळणे’ हे आणखी जवळ जाण्याचे कारण झाले. काळासावळा, न कळणारा, परमुलखातला देव आपण डोळे भरून पाहतो. तशाच वर्णाचा माणूस शेजारच्या फ्लॅटमध्ये आला की मात्र आपल्याला सोसायटीच्या भावाची काळजी वाटते.

कायद्याने यातले थोडे सुटते. भारतात २०१२ साली गृह मंत्रालयाने ईशान्येच्या लोकांना ‘चिंकी’ म्हणणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा धरावा असे राज्यांना कळवले होते. अमिरातीत वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव आणि द्वेष पसरवण्याविरुद्ध २०१५ मध्ये कडक कायदा झाला, २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा आला. पण लिफ्टमधल्या मराठीपर्यंत कोणता कायदा पोचणार?

काही वाचक म्हणतील की डॉक्टरच तर रुग्णाला जात, प्रांत विचारतात. विचारतो, आणि विचारायलाच हवे. सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत आहे, अरबस्तानात आहे, आफ्रिकेत आहे. थॅलेसेमिया सिंधी कुटुंबांत आहे, इथल्या स्थानिकांतही आहे. इथे लग्नाआधी त्याची तपासणी करावी लागते. आपल्या दक्षिण आशियाई पोटांवरची चरबी आणि मधुमेह यांचे नाते तर या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवे (महाप्रसादाच्या दिवशी विशेष!). पण ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न आहे आणि ‘तो बंगाली’ हे उत्तर आहे. पहिल्यात माणूस बोलू लागतो. ‘तुम्ही कुठले’ हा तर आपला खास मराठी प्रश्न. गाव, तालुका, आडनाव आणि शेवटी कुणाचे तरी मेहुणे निघेपर्यंत आपण थांबत नाही. एवढी चिकाटी आपण आपल्याच माणसांपुरती का राखून ठेवतो, हे मला कळलेले नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही, तीही सांगून टाकते. माझ्या सासूबाई दर हिवाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे येतात. वय ब्याऐंशी. आमच्या मजल्यावर एक नायजेरियन कुटुंब राहते. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला सासूबाई ‘तो काळा पोरगा’ म्हणत. "काळ्या पोराला शिरा दिला का गं?" शब्द सरळसरळ चुकीचा, आणि शिरा मात्र रोज, साजूक तुपातला, वर बेदाणे. याच मजल्यावर अतिशय मोजून-मापून इंग्रजी बोलणारे एक सुशिक्षित कुटुंब आहे. ते ‘आफ्रिकन’ असा योग्य शब्द वापरतात आणि त्या मुलाला आपल्या मुलांशी खेळू देत नाहीत. या दोहोंपुढे माझे वरचे सगळे विवेचन थोडे लटपटते, हे खरे.

मी सासूबाईंना फक्त एवढेच म्हटले, "आई, त्याचं नाव विचारा ना." त्यांनी विचारले. त्याने सांगितले, चुक्वुएमेका. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मग हात टेकले आणि त्याचे चिकू केले. आता सातच्या सुमाराला बेल वाजते. आतून सासूबाई मोठ्याने विचारतात, "कोण आहे?" आणि दारापलीकडून उत्तर येते, "आजी, चिकू!" हे नाव त्याला आवडते का, हे विचारायचे मात्र अजून राहिले आहे.